चहातली दारू

"दोन चहातल्या," बाकावर टेकता टेकताच तोकुनागा-सान म्हणाले. रसेलला काही विचारलं नाही.

खाण्याची गाडी चालवणाऱ्या चिझुरुबाईंनी मान हलवली आणि गाडीच्या कोपऱ्यात पाठमोऱ्या होऊन दोन उंच पेले भरले. रसेलकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. दुपारी तो हातापाया पडून गेला होता: माझ्या पेल्यात दारू न मिसळता नुसता गार चहा घाला, रंग सारखाच, कुणाला कळतंय.

फुकुओकाच्या नदीकाठी नुकते दिवे लागत होते. रसेल मूळचा ओहायोचा, पण इथे राहून मुरलेला. दारू त्याने फार वाईट दिवस काढून सोडली होती. एक घोट गेला की ते सगळे दिवस परत येतील, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण तोकुनागा-सानांच्या मुलीने, मिझुहोने बजावलं होतं, "बाबा आधी तुला प्यायला नेणार. पितो कसा ते बघणार, मग मुलगी द्यायची की नाही ते ठरवणार. नाही म्हणालास तर संपलं."

"मुळा घे रे," तोकुनागा-सान म्हणाले. रश्श्यात शिजून तपकिरी झालेला मुळा जेवायच्या काड्या लागताच तुटत होता. "तुमच्या अमेरिकेत मिळतो का असा?"

"मिळत असता तर परत नसतो गेलो?"

"म्हणजे माझ्या मुलीसाठी नाही, मुळ्यासाठी राहिलायस."

"मुळा आधी भेटला, तोकुनागा-सान."

म्हातारा पोट धरून हसला. डुकराच्या मांसाच्या सळया आल्या, माशाच्या तिखट अंड्यांचं ऑम्लेट आलं. पेले रिकामे होत गेले, भरत गेले. वाफेच्या धगीने तोकुनागा-सान लालबुंद झाले. त्यांनी टाय सैल केला, कुठलंसं जुनं गाणं गुणगुणत ते रसेलच्या खांद्यावर रेलले. रसेलनेही जीभ बेताबेताने जड केली.

आणि गाण्याच्या भरात त्यांनी रसेलचाच पेला उचलून तोंडाला लावला.

बाईंचा हात सळईवर थांबला.

तोकुनागा-सानांचं गाणं थांबलं. त्यांनी पेल्यात पाहिलं, आणखी एक घोट घेतला.

"बाई, आज जरा कडकच झालीय हो," ते म्हणाले. "बेताने घाला."

इतकी चढलीय की चवसुद्धा कळेना. रसेलचा जीव भांड्यात पडला. समोर उरलेल्या त्यांच्या पेल्याला त्याने हातही लावला नाही, नवा मागितला.

थोड्या वेळाने तोकुनागा-सान उठले, डगमगले, त्याच्या दंडाला धरून उभे राहिले. "एवढी पिऊन तोल जात नाही तुझा. मिझुहोला सांभाळशील." डोळे पुसत पुढे म्हणाले, "आणि मला टॅक्सीत बसव."

टॅक्सी वळणाआड गेली तसा रसेल गाडीकडे परतला आणि कमरेत वाकला. "तुमचे उपकार कसे फेडू?"

"फेडू नका, बसा," पेले विसळत बाई म्हणाल्या. "मीच थकले, दोघांना सांभाळून सांभाळून."

"दोघांना?"

"ते सकाळी येऊन गेले होते. म्हणाले, डॉक्टरांनी बंद केलीय, माझ्या पेल्यात नुसता चहा घाला, अमेरिकन जावई हसेल मला."