तिसऱ्यांदा नापास

शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाला झटका आला तर टोचायचं इंजेक्शनचं पेन दप्तरात बाळगता येतं, असा आमच्या राज्यात कायदा आहे. फक्त आधी शाळेच्या नर्ससमोर, म्हणजे माझ्यासमोर, सरावाच्या पेनाने ते नीट टोचून दाखवावं लागतं. तोवर पेन माझ्या कपाटात, आणि दुपारी डबा घेऊन मूल माझ्या खोलीत.

सहावीतली लिनेआ आज तिसऱ्यांदा नापास झाली. टोपण काढायलाच विसरली.

“कमाल आहे तुझी! पहिलीतली पोरं करतात गं हे.”

“मला नाही जमत, मिसेस टॉफ्ट.” तिने निवांत सूर्यफुलाच्या बियांच्या लोण्याचं सँडविच उघडलं.

“बरं, मग बघ नीट.” मी सरावाचं पेन उचललं आणि मुद्दामच उलटं धरलं.

“अहो, उलटं धरलंय तुम्ही! खरं असतं तर सुई अंगठ्यात गेली असती. आधी निळं टोपण काढा, नारिंगी टोक मांडीवर दाबा आणि तीन मोजेपर्यंत हलवू नका.”

बोलता बोलता तिने पेन माझ्या हातातून घेऊन स्वतःच्या मांडीवर टोचूनही दाखवलं, आणि मग जीभ चावली. कान लालबुंद.

मी फॉर्मवर ‘पास’ लिहिलं. लिहावंच लागतं. कपाटातलं खरं पेन काढून तिच्या हातात ठेवलं.

“सुटलीस बाई! उद्यापासून खाली कॅन्टीनमध्ये सगळ्यांबरोबर जेव.”

तिने उरलेलं अर्धं सँडविच परत डब्यात ठेवलं.

“सगळे म्हणजे कोण?”