आपलीच गाडी

परदेशी कंपनीच्या शोरूमच्या दारात म्हातारा थबकला, तसं मागून येणाऱ्या मित्राने त्याला कोपराने ढोसलं.

"काय रे स्वदेशी, पाय अडला? जन्मभर आमचं डोकं खाल्लंस, आपलीच गाडी घ्या, आपलीच गाडी घ्या म्हणून. माझ्या जावयाने बाहेरची घेतली तर त्याच्या घरचा चहासुद्धा प्यायला नाहीस."

"प्यायलो होतो. साखर कमी होती, म्हणून ठेवला."

दोघांनी उमेदीची वर्षं एकाच कारखान्यात, देशी मोटारी जोडण्यात घालवली होती. कारखान्याला कधीच टाळं लागलं. तिथे पडलेलं 'स्वदेशी' हे नाव मात्र म्हाताऱ्याला चिकटून राहिलं.

शोरूममधली मुलगी हसत पुढे आली. "या काका. कोणती दाखवू?"

"ती निळी."

म्हाताऱ्याने गाडीशी जाऊन चपला काढल्या.

"अहो, असू द्या पायात."

"नको. नवी आहे." तो अनवाणीच आत शिरला आणि चालकाच्या जागी बसला.

मुलगी माहितीपत्रक आणायला गेली. मित्राने बॉनेटवर टिचकी मारली. "पत्रा पातळ आहे रे. आपल्या पत्र्यावर नाचलं तरी पोचा पडत नव्हता."

"तू नाचायचास म्हणून तर कारखाना बसला."

मित्र खो खो हसत दुसऱ्या बाजूने आत आला. म्हाताऱ्याने अजून स्टिअरिंगला हात लावला नव्हता. तो वर, काचेजवळच्या आरशाकडे बघत होता. मग त्याने दोन बोटांनी, लहान मुलाची हनुवटी धरावी तसा, आरसा हलकेच धरला.

"खरं सांग," मित्र म्हणाला, "काय शिरलंय डोक्यात?"

"पोरगा यांच्याकडेच आहे ना. तिकडच्या कारखान्यात."

"ते काय मला ठाऊक नाही? निघाला तेव्हा तू त्याला जे जे बोललास, तेही ऐकलंय मी. परक्याच्या दारात उभा राहतोस म्हणालास."



"तो आरसे तपासतो," म्हातारा म्हणाला. "मागे फोनवर म्हणाला, बाबा, प्रत्येक आरशात पहिलं तोंड माझं दिसतं, मग तो आरसा गाडीत बसवतात."

"येणार होता ना यंदा?" मित्राने विचारलं.

"रजा मिळत नाही म्हणाला. तिकडे काम फार." म्हाताऱ्याने आरसा जरासा खाली वळवला. "म्हटलं, तो नाही तर नाही. याच्यात बघत जाईन."

मुलगी माहितीपत्रक घेऊन आली. तिच्या हातात फडकंही होतं. "थांबा काका, आरशावर बोटं उमटलीत. पुसून देते."

"नको!"

आवाज एवढा मोठा निघाला की ती मागे सरकली. म्हातारा ओशाळला. "राहू दे, बाळ. असू दे तसाच."

मुलीने दोघांकडे पाहिलं. मघाशी दारात त्यांचं जे चाललं होतं, ते तिच्या कानावर गेलं होतं. तिला वाटलं, काकांचं कुठे अडलंय ते आपल्याला कळलं. ती खिडकीपाशी वाकली.

"काका, तुमच्या मनातलं ओळखलं मी. माझे आजोबाही अगदी तुमच्यासारखेच. पण तुम्ही निर्धास्त राहा. नाव तेवढं बाहेरचं आहे. ही गाडी इथेच बनते, त्या बंद पडलेल्या जुन्या मोटार कारखान्यात. कंपनीने तो विकत घेतलाय."

"काय सांगतेस!" मित्र सीटवर उडालाच. "आपल्या कारखान्यात?"

"हो ना. पत्रा इथला, काचा इथल्या, सीट इथल्या."

"आणि आरसा?" म्हाताऱ्याने विचारलं.

"आरसाही इथलाच." मुलगी आता अगदी खुलली होती. "बाहेरचं म्हणून काही नाही हिच्यात. अगदी आपलीच गाडी समजा!"

मित्राने म्हाताऱ्याच्या मांडीवर थाप मारली. "जिंकलास की रे स्वदेशी! बाहेरची घ्यायला आलास, तरी आपलीच निघाली!"

म्हाताऱ्याचा हात आरशावरून खाली आला.

"बाळ," त्याने हळूच विचारलं, "तिकडे बनलेली एखादी नसेल का? वापरलेली असली तरी चालेल."

"वापरलेली? ती कशाला, काका?"

त्याने आरशाकडे पाहिलं. तिने पुन्हा फडकं पुढे केलं. या वेळी म्हाताऱ्याने तिला अडवलं नाही.

आरसा लख्ख झाला. त्यात मागची सीट दिसू लागली. रिकामी, आणि वरचं प्लास्टिकही अजून न काढलेलं.