हळदीचा डबा

शैलेंद्रची शेवरले बारा वर्षांची झाली होती, पण बहरीनला आल्यापासून त्यानं तिला एकदाही गॅरेजचं तोंड दाखवलं नव्हतं. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात एका शुक्रवारी रेडिएटर गळायला लागला. पाण्यात हळद टाकली की बारीक गळती बुजते, हे त्याला ठाऊक होतं. बायको चारुलता आंघोळीला गेली होती. त्यानं फळीवरचा हळदीचा डबा उचलला आणि अख्खा आत ओतला. गळती थांबली.

रिकाम्या डब्यावर चारुलताच्या अक्षरातली चिठ्ठी होती, 'आईची'. सासूबाईंनी सांगलीहून स्वतः कांडून पाठवलेली ती शेवटची हळद. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं, आणि चारू ती सणासुदीलाच चिमूटभर काढायची. त्यानं मनामाच्या बाजारातली हळद आणून गुपचूप त्या डब्यात भरली. तेव्हापासून जेवताना त्याला तिच्याकडे मान वर करून बघवेना.

महिन्याभरानं चारूला घेऊन जाताना झिंजच्या सिग्नलला गाडी तापली आणि बॉनेटमधली वाफ खिडकीतून आत आली. 'विका हो एकदाचा हा खटारा' हे नेहमीचं वाक्य ऐकायच्या तयारीनं तो बसून राहिला. पण चारूनं डोळे मिटले आणि खोल श्वास घेतला.


"अहो, आईच्या हळदीचा वास येतोय," ती म्हणाली. "डब्यातल्या हळदीला तो येईनासा झाला, तेव्हा मला वाटलं, मीच आईला विसरत चाललेय."