धरलेली जागा

हिंगोलीच्या स्टँडवर बसची वाट पाहताना मी रोज इन्स्टाग्रामवर स्टोरी टाकायचे, लोकेशनसकट. आई चिडायची, "काहून सांगती गं जगाला, कुठं उभी हायेस ते?" मी हसण्यावारी न्यायचे.

सोमवारी बस खचाखच भरलेली होती. एका सीटवर मात्र कुणीतरी निळा रुमाल टाकून जागा धरली होती. शेजारी बसलेल्या एक मावशी मलाच म्हणाल्या, "करुणा तुमीच ना? बसा, तुमच्यासाठीच हाय."

"कोणी धरली?"

"खिडकीतून नुसता हात आला, बाई. तोंड न्हाई दिसलं."

असेल कुणी ओळखीचं, म्हणून मी बसले. खरं तर बरंच वाटलं.

मंगळवारी बस वेगळी होती, मावशी नव्हत्या. निळा रुमाल होता. मी घरापर्यंत उभ्यानेच आले.

बुधवारी मी स्टोरी टाकली नाही. लोकेशन बंद केलं, आणि स्टँड टाळून पुढच्या चौकात जीपला हात केला. जीपवाला आतल्या पोरांवर खेकसला, "सरका रे! या ताई, तुमची सीट धरलेली हाय."

मी चढलेच नाही. भावाला फोन करून बोलावलं आणि त्याच्या गाडीवर कनेरगाव नाक्याला घरी आले. मला दारात सोडून तो आईला आणायला शेताकडे गेला.

घराला कुलूप होतं. ते काढून मी आत शिरले, घाईनं कडी लावली, ओढून पाहिली, आणि मगच वळले.

खाटेवर निळे रुमाल होते. या वेळी दोन, शेजारी शेजारी.