पहिली फेरी

नारळ फोडण्याआधी रामसिंग मिस्त्रीने एक चूक केली. दुरुस्त झालेल्या ट्रकची चावी त्याने जिजाबाईच्या हातावर ठेवली.

"वयनी, बटन दाबा आन् पाहा कशी बोलते ते."

चूक त्याला कळण्याचे कारण नव्हते. उन्हाळाभर वाशीमच्या त्याच्या वर्कशॉपमध्ये या घरातून येत होती ती ही एकटीच. सासऱ्याने महायुद्धानंतर लष्कराच्या लिलावात घेतलेल्या ट्रकचे पेट्रोल इंजिन उतरवायचे, डिझेल बसवायचे, गिअरबॉक्स आणि ब्रेक नवे घालायचे, हे सारे तिनेच ठरवले होते. जुना राहिला तो सांगाडा.

ओवाळणीचे ताट घेतलेली धाकटी जाऊ चंदाबाई नजर चुकवून बोनेटला हळदीकुंकू लावू लागली. सासू सीताबाई पुढे आली आणि तिने सुनेच्या तळहातावरून चावी उचलली. रागाने नव्हे, दुधात पडलेली काडी काढावी तशी.

"पैली फेरी हाये, माय. तू घरात जाय. नारळ फुटला, गाडी निंगाली, का मंग येजो."

शास्त्र या बाबतीत निःसंदिग्ध होते: विधवेने मुहूर्तासमोर उभे राहू नये. मात्र ज्या दुष्काळात तिचा नवरा शालिकराम वारला, त्या वर्षी शास्त्र कुठेतरी परगावी गेले असावे. धाकट्या दिराचे, हिरालालचे, मनगट गाडी सुरू करायला पुढून फिरवायच्या हँडलच्या उलट्या झटक्याने मोडले होते. त्यानंतर तो गाडीच्या तोंडाशी फिरकला नाही. रोज पहाटे हँडल मारून मळ्यातली वांगी, मेथी बाजारात नेणारी हीच विधवा होती. गाडी सगळ्या गावासमोरून जाई. वांगी खपली, घर जगले, आणि अपशकुनाची तक्रार घेऊन कोणी आले नाही.

बटनही तिनेच मागितले होते. हँडल राहू द्या, तुमच्या हाताला बसले आहे, असे रामसिंग म्हणाला होता. "नोको," ती म्हणाली होती, "घरातल्या कोनालेबी चालू करता आली पायजे."

आता तो ‘घरातला कोणीही’, म्हणजे हिरालाल, ड्रायव्हरच्या दाराशी उभा होता. त्याने नवा सदरा घातला होता.

"हिरालाल, मनगट सांभाळजो बरं!" शेजारचा गोविंदसिंग ओरडला.

"आता कायचं मनगट?" हिरालाल हसला. "आता बोटानं काम होते, गड्या. आता तर तुलेबी जमते!"

सगळे हसले. हसणे ओसरेपर्यंत जिजाबाई जागची हलली नाही.

"भाऊजी," ती म्हणाली, "आजची फेरी तुमी करा. उद्या बाजारात मी नेऊ ना?"

हिरालालला तिच्याविषयी खरोखर आदर होता. म्हणूनच त्याने आवाज मऊ केला.

"तवा इलाज नोता, वयनी. आता मी हावो ना. तुमी लय केलं, आता बसा आरामात."

रामसिंगने खिशातले फडके काढले आणि स्वच्छ हात पुन्हा पुसले.

जिजाबाई घरात गेली. दाराआड, भिंतीला पाठ लावून बसली. बाहेर नारळ फुटला, चाकाखाली लिंबू दडपले, आणि बटन दाबताक्षणी इंजिन सुरू झाले. एकदासुद्धा अडखळले नाही. काम चोख झाले होते. गाडी अंगणातून हलली, विहिरीला वळसा घालून चढाच्या पायथ्याशी आली. तिथे गिअर बदलावा लागतो.

जुन्या गिअरला क्लच दोनदा दाबावा लागे. सारवलेल्या जमिनीवर जिजाबाईचा डावा पाय दाबला गेला, उचलला गेला, आणि परत दाबला गेला. तोवर नवी गाडी, एकदाच क्लच दाबून, अर्धा चढ चढून गेली होती.

बोटांवरचे कुंकू पदराला पुसत सीताबाई आत आली.

"पाय काहून आपटून राह्यली वं? दुखते का?"

जिजाबाईने पाय लुगड्याखाली ओढून घेतला.