अकरावी हाक

कानातल्या यंत्राच्या सकाळच्या अपडेटनंतर दीड वर्षांची ओजू आईच्या हाकेला वळेनाशी झाली. जाहिरातीचं गाणं लागलं, की मात्र टाळ्या पिटायची. जन्मतः बहिऱ्या बाळांच्या कानात बसवायच्या या यंत्राचं सॉफ्टवेअर केतकीचीच कंपनी लिहायची. तिने लेकीला मांडीवर घेतलं आणि लॅपटॉपवर एकेक बदल मागे घेत दर वेळी लाडाने हाक मारली, "ओजूऽऽ!"

अकराव्या हाकेला ओजू गर्रकन वळून हसली.

अकरावा बदल म्हणजे यंत्रात आवाज पोचवणाऱ्या नेटवर्क ड्रायव्हरमधल्या तीनच ओळी होत्या. आधी जाहिरातींचा आवाज कानात सोडायचा, जागा उरली तर घरच्यांचा. केतकीला शिसारी आली. तिने टीममधल्या भार्गवला फोन लावला.

"लाज कशी वाटत नाही रे? हे शेण पास कोणी केलं?"

"केतकीताई, खाली नाव बघ ना," तो चाचरला. "तूच. मंगळवारी दुपारी."

मंगळवारी ओजूला पाजता पाजता तिने फोनवर न वाचताच अंगठ्याने 'मंजूर' दाबलं होतं.

तिने तो बदल सगळ्याच बाळांसाठी मागे घेतला. तेवढ्यात ओजूने तिचा तोच अंगठा तोंडात घातला. केतकीने तो ओढून घेतला आणि आधी मोरीत जाऊन साबणाने घासघासून धुतला.