बसणाऱ्याची गाडी

रामप्रसाद जिनिंगवाल्यांनी तांब्या काठोकाठ भरला आणि गाडीत मागं बसलेल्या बायकोच्या, सुरेखाच्या हातात दिला. “मांडीवर धर. पाणी सांडलं की गाडी वापस.”

शोरूमचा प्रितम हसू दाबत म्हणाला, “शेठ, एवढ्या महागाच्या गाडीची अशी ट्रायल कुणी घेत न्हाई.”

“आमच्यात बैलजोडी अशीच घेतात. घरच्या बाईला छकड्यात बसवायचं, हातात भरला तांब्या द्यायचा. सांडलं तर जोडी ज्याची त्याला परत. माझ्या बापानं एकबी जोडी बिगर तांब्याची घेतली न्हाई. गाडी काय बैलापेक्षा शहाणी लागून गेली?”

मंठ्यात शेठच्या कापसाच्या जिनिंगच्या फाटकापुढं दोन गाड्या उभ्या होत्या, एक पांढरी, एक काळी. दोन्ही उंच, दोन्ही चकाचक, आणि बघायला निम्मा बाजार गोळा. प्रितमनं फरक एका वाक्यात सांगून टाकला होता, “पांढरी बसणाऱ्याची गाडी, काळी चालवणाऱ्याची.” झालं, तिथंच पेच पडला. शेठना पांढरी पाहिजे होती, वर एक ड्रायव्हर ठेवून. पोरगा कल्याण काळीवर लट्टू. सुरेखाला काय पाहिजे, ते कुणी विचारलंच नव्हतं. तिचं लायसन्स नुकतंच आलं होतं. घरात सगळ्यांनी पेढे खाल्ले, चावी मात्र कुणी हातात दिली नाही. आता ड्रायव्हर आला की मागची सीट जन्माची, हे तिला बराबर माहीत होतं.

आधी पांढरी निघाली. कल्याण चालवायला, शेठ त्याच्या शेजारी, मागं प्रितम आणि तांब्यासकट सुरेखा. वाटूरफाट्याच्या रस्त्याचे खड्डे सगळ्यांच्या ओळखीचे, पण आज ते गेले कुठं तेच कळेना. गाडी नुसती तरंगत होती. पाण्यावर सुरकुती नाही. पण वळण आलं की अख्खी गाडी डुलायची, आधी इकडं, मग सावकाश तिकडं, आणि सुरेखाला गाडी लागायला लागली. तिनं एका हातानं तांब्या धरला, दुसऱ्यानं पदर तोंडाला लावला.

“थेंब न्हाई सांडला!” शेठ मागं वळून लहान पोरागत ओरडले. “लोण्यावर बसल्यागत वाटून राह्यलं! ठरली ही.”

“दुसरी बघा तरी,” सुरेखा कशीबशी म्हणाली.

काळीनं फाटक सोडलं आणि सुरेखाची पाठ सीटला चिकटली. अगं बाई! रस्त्याचा एकेक दगड तळपायाला कळत होता. पण वळण आलं तशी ही गाडी ना डुलली ना झुकली, जमिनीला धरून सर्रकन वळली. पोट जागच्या जागी. सुरेखाची नजर कल्याणच्या हातांवरून हलेना. आता सोड, आता दाब, आता वळव, असं ती मनातल्या मनात चालवत होती आणि तिचा उजवा पाय आपोआप खालची चटई दाबत होता.

तेवढ्यात खड्डा आला. धाडकन! अर्धा तांब्या मांडीवर.

संपलं. आता शेठ मान वळवणार आणि ही गाडी वापस जाणार. एवढ्या वर्षांच्या संसारात सुरेखानं नवऱ्याशी लबाडी केली नव्हती, निदान गाडीत तरी. दाराच्या कप्प्यात शोरूमवाल्यांनी पाण्याची बाटली ठेवली होती. तिनं ती ओढली, झाकण दातांनी फिरवलं आणि तांब्या पुन्हा काठोकाठ भरून टाकला. प्रितम डोळे फाडून बघत होता. तिनं त्याच्याकडं असं काही पाहिलं, की बिचारा खिडकीबाहेरची कपाशी बघायला लागला.

फाट्याजवळ गाडी थांबली. शेठनी वळून तांब्यात पाहिलं आणि उडालेच. “आरं तिच्या! एवढे हिसके बसले तरी भरलेला? मंग ही काय वाईट हाय?”

सगळे खाली उतरले. उतरायला नको होतं. सुरेखाच्या निऱ्यांतून पाणी टपटपत होतं. शेठनी साडीकडं पाहिलं, सीटवरच्या रिकाम्या बाटलीकडं पाहिलं. कल्याण फिसकन हसला. शेठ नाही हसले.

“लबाडी केली?”

“केली.”

“पोरासाठी?”

“न्हाई. माझ्यासाठी. मला चालवायचीय.”

कापसाचा टेम्पो खडखडत शेजारून गेला. शेठनी काळ्या गाडीला एक फेरी मारली.

“एवढं दांडगं धूड? तुला झेपंल?”

“बसा तर खरं!”

कल्याणनं आईसाठी पुढचं दार उघडलं आणि स्वतः पळत जाऊन शेजारची जागा पटकावली. शेठ क्षणभर बाहेरच घुटमळले. मग मागचं दार उघडून प्रितमशेजारी जाऊन बसले.

सुरेखानं सीट पुढं ओढली, आरसा खाली केला, ओला पदर कमरेला खोचला. गाडीनं एक गचका खाल्ला. शेठनी देवाचं नाव घेतलं. दुसऱ्या क्षणाला काळी गाडी मोकळ्या रस्त्यावर धावायला लागली आणि सुरेखाच्या तोंडून हसू फुटलं. आवरायला गेली, आवरेना! तिनं आवरलंही नाही.

वळण आलं. तिनं चाक झोकात फिरवलं. मागं शेठ धडपडत प्रितमच्या अंगावर गेले.

“अगं, वळण आलं म्हणून सांगायचं तरी!”

“मागं बसणाऱ्याला कुणी सांगत न्हाई हो,” सुरेखा म्हणाली, आणि रस्त्यावरची नजर न काढता तिनं पाय आणखी दाबला.